उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक

शालन, प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "आठवीचं जपानी दिवाळीपर्यंत तुम्ही घ्याल का?" तेव्हा त्यांनी बसा म्हणायच्या आधीच मी खुर्चीत बसले. तुझं तेरावं नुकतंच झालं होतं. स्टाफरूममध्ये तुझ्या खुर्चीच्या पाठीवर तुझा राखाडी स्वेटर अजून तसाच होता, आणि तो कुणी उचलायचा हे कुणालाच कळत नव्हतं.

माझा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, "नाही जमलं तरी हरकत नाही. दुसरं कुणी मिळालं नाही तर या मुलांना तुमच्याच संस्कृतला घालू. तुमचाही वर्ग भरेल."

बघ आता. तू आपल्या रहाटणीच्या शाळेत आलीस आणि माझ्या संस्कृतचे बाक रिकामे व्हायला लागले. सगळ्यांना जपानी हवं झालं. त्यावरून मी तुझ्या तोंडावर किती कुरकुर केली आहे! आणि आता फक्त 'नाही' म्हणायचा अवकाश, तुझा सगळा वर्ग चालत माझ्याकडे येणार होता. तो 'नाही' माझ्या जिभेवर आलाही होता. संस्कृतच्या प्रेमापोटी नव्हे गं. भीतीपोटी. मी मॅडमना म्हटलं, "विचार करून सांगते," आणि बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "भागूबाई, आगं पोरंच हायेत ती. खात्यात व्हय तुला?"

माझं नाव मेधा आहे, हे तुला पहिल्या आठवड्यात कळलं आणि दुसऱ्या आठवड्यात तू ते विसरलीस. भित्री भागूबाई म्हणून सुरुवात केलीस, मग नुसतं भागूबाई राहिलं. मीही ओ द्यायला लागले. मला कशाची भीती वाटत नाही ते विचार. लिफ्टची वाटते, पालकसभेची वाटते, फोन वाजला की वाटते, फोन बराच वेळ वाजला नाही तरी वाटते. आणि रस्त्याची तर फारच. पुनावळ्यात आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता ओलांडायला मी दुसरं कुणीतरी ओलांडेपर्यंत उभी राहते. शाळेच्या गेटवर तू माझं मनगट धरायचीस. हात नाही, मनगट. खोडकर पोराचं धरतात तसं. आणि पलीकडे नेऊन सोडायचीस.

लोकांना वाटतं, शाळेतली परदेशी भाषा म्हणजे टक्केवारी वर ओढणारा विषय. पालकसभेत पहिला प्रश्न तोच, "स्कोअरिंग आहे ना?" दुसरा, "पुढे चाकणला कंपनीत उपयोग होईल ना?" तुझ्या पहिल्या सभेत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मार्कांचं मला ठावं न्हाई. पोरं बोलतील एवढं सांगते." मी शेजारी बसले होते, माझे कान गरम झाले. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, टाय लावलेल्या पालकांसमोर, 'ठावं न्हाई'! तुला शुद्ध बोलता येत नव्हतं असं नाही. वर्गात तू व्यवस्थित बोलायचीस. पण महाळुंग्याच्या घरातली बोली तू स्टाफरूममध्ये आणि सभेत मुद्दाम काढायचीस, आणि कुणी भुवई उंचावली की आणखी जोरात काढायचीस. त्या भाषेतून एका दमात जपानीत शिरायचीस, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मला तुझा हेवा वाटायचा. हे मी तुला सांगितलं होतं का? बहुतेक नाही.

तुझी शिकवायची तऱ्हाही तुझ्यासारखीच. आधी तू एका जपानी कंपनीत दुभाषी होतीस. तिथून शाळेत येताना तू तिथली सवय घेऊन आलीस. तिकडे कामगार यंत्र सुरू करण्याआधी, रस्ता ओलांडण्याआधी हात लांब करून बोट दाखवतात आणि जे बघितलं ते मोठ्यानं बोलतात. उजवीकडे ठीक, मिगी योशी. डावीकडे ठीक, हिदारी योशी. तू तेच वर्गात आणलंस. खिडकीकडे बोट, खिडकीचं नाव. पंख्याकडे बोट, पंख्याचं नाव. सगळा वर्ग वाहतूक पोलिसांसारखा हात करून ओरडत असायचा आणि शेजारच्या वर्गात माझी सुभाषितं त्या आरड्यात बुडून जायची.

मी भांडायला आले तेव्हा म्हणालीस, "भ्या वाटतं म्हनून तर बोट करायचं. बोट म्होरं गेलं की तोंड मागनं येतं."

आणि शाळा सुटल्यावर गेटवर तर विचारूच नको. तुझी आठवीची पोरं फुटपाथच्या कडेला रांगेत थांबायची, उजवा हात लांब करायची आणि "मिगी योशी! हिदारी योशी!" अशी एकसुरात आरोळी. पहिल्या दिवशी भाजीवाल्या मावशी पोट धरून हसल्या. पुढे पुढे आरोळी ऐकली की रिक्षावाले आपोआप ब्रेक दाबायला लागले. वॉचमनकाकाही मुलांबरोबर हात करायचे. आणि एक दिवस तुझ्या वर्गातल्या सिद्धीचे वडील आले. लातूरकडचे, चाकणला कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कामाला. मी म्हटलं, झालं, आता तक्रार. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या प्लांटमदी समोर बी बघतेत. तुमी निस्तं उजवं-डावं करालाव." तू जागच्या जागी कपाळावर हात मारून घेतलास आणि दुसऱ्या दिवसापासून 'माए योशी' सुरू झालं. समोर ठीक. बाप लेकीच्या मॅडमला जपानी शिकवून गेला म्हणून सिद्धी आठवडाभर शाळाभर मिरवत होती.

त्याच सिद्धीनं माझा जीव टांगणीला लावला होता, आठवतं? तुझ्या जुन्या कंपनीतले ते वयस्कर जपानी साहेब शाळा बघायला आले होते. मुलांनी वाकून नमस्कार करायचा आणि स्वागताची चार वाक्यं बोलायची, असं ठरलेलं. साहेब दारात आले आणि सगळा वर्ग दगड. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. पहिल्या बाकावरची सिद्धी घाबरून पांढरीफटक पडली, आणि मग तिनं तिला येत होतं ते केलं. हात लांब केला, पाहुण्याच्या तोंडावर बोट रोखलं आणि ओरडली, "मेगाने योशी!" चष्मा ठीक. मग खाली, "कुत्सु योशी!" बूट ठीक. कंपनीत शिफ्टच्या सुरुवातीला एकमेकांचे चष्मे, बूट तपासतात तसं. मागून सगळा वर्ग सुरू. पाहुण्यावर बोट रोखणं तिकडे किती वाईट समजतात हे तूच मला सांगितलेलं. माझी तर पाचावर धारण बसली. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता साहेब निघून जाणार, मॅडम तुला काढून टाकणार.

डोळे उघडले तर साहेब टाचा जुळवून ताठ उभे होते. त्यांनी स्वतःच्या टायकडे बोट केलं, तो जरा सरळ केला आणि "योशी!" म्हणून गरजले. जन्म कारखान्याच्या लाइनवर गेलेला माणूस. मुलं इतकी हसली की पाठ केलेली चार वाक्यं आपोआप बाहेर आली. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. त्या क्षणी मला वाटलं होतं, ही बाई जवळ असली की काही वाईट होत नाही. असं वाटलं होतं मला, शालन.

मधल्या सुट्टीत तू मला जपानी शिकवायला लागलीस ते माझं तोंड बंद करायला. "तू माझ्या वर्गाला नावं ठेवतीस, तर आधी शीक." तू ती अक्षरं लिहून दाखवलीस. अ इ उ ए ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मी डब्याचं झाकण हातात धरून बसले. "अगं, ही तर आपलीच वर्णमाला! क्रमसुद्धा तोच!" मी तुला सांगितलं, की हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांबरोबर इथून तिकडे गेला असं म्हणतात. तू घास तोंडाशी नेता नेता थांबलीस. "म्हंजी तुझं संस्कृत माझ्या जपानीचं माहेर?" त्या दिवशी तू मला तुझ्या डब्यातली अख्खी भाकरी दिलीस आणि माझी पोळी खाल्लीस. पुढे मला लिहिता यायला लागलं, वाचता यायला लागलं, खालच्या पातळीची परीक्षाही दिली. बोलता मात्र आलं नाही. "आवाज कुठं ठिवून आलीस? घरी?" म्हणायचीस.

आपला वाद अर्धाच राहिला. मी म्हणायची, तू मुलांना फक्त आज्ञा शिकवतेस. थांब, बघ, तपास, पुन्हा कर. ही काय भाषा झाली? जपानीत कविता आहेत, ऋतूंची नावं आहेत, माणसं माणसांशी बोलतात. तू कंपनीसाठी कामगार तयार करते आहेस. तू नेहमी हसण्यावारी न्यायचीस, पण एकदा नाही नेलंस. त्या वेळी तू मला त्या ऑपरेटरचं सांगितलंस.

कंपनीत नवं यंत्र आलं होतं. जपानी तज्ज्ञ समजावत होते, तू भाषांतर करत होतीस. शेवटी त्यांनी विचारलं, समजलं ना? पोरगा नवा होता, साहेबापुढं घाबरलेला. मान डोलावून हो हो म्हणाला. तूही पुढे हो सांगितलंस. दुपारी त्याची दोन बोटं गेली.

"त्याला समजलं न्हवतं," तू म्हणालीस. "त्याला फकस्त म्हनता आलं न्हाई. कविता नंतर बघू, भागूबाई. आधी न्हाई ठावं तर न्हाई ठावं म्हनायला येऊ दे."

म्हणून तर तुझ्या वर्गातला पहिला धडा वेगळा. बाकीचे शिक्षक नमस्कार शिकवतात, नाव सांगायला शिकवतात. तू 'वाकारिमासेन' शिकवायचीस. समजलं नाही, ठाऊक नाही. प्रत्येकानं उभं राहून मोठ्यानं म्हणायचं. कुणी पुटपुटलं, तर सगळ्या वर्गानं म्हणायचं, "मो इचिदो." पुन्हा एकदा. हसायचं नाही, चिडवायचं नाही. मलाही तू म्हणायला लावलंस, आणि मी पुटपुटले, आणि तू "मो इचिदो" म्हणालीस, आणि घंटा झाली. सुटले, असं मला वाटलं. इतकी वर्षं शिकवते आहे, पण वर्गासमोर 'मला माहीत नाही' हे वाक्य मी मराठीतही कधी उच्चारलेलं नाही.

आता त्या शनिवारचं. तू शाळेतून निघालीस, महाळुंग्याच्या फाट्यावर गाडी कडेला लावलीस आणि सासऱ्यांच्या गोळ्या घ्यायला पलीकडे निघालीस. मध्येच डंपरनं गाठलं. तू. जी माझं मनगट धरून मला पार करायची.

बातमी कळल्यापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे, आणि तो विचारायची मला लाज वाटते. तू हात केला होतास का?

तेराव्याला मी तुझ्या घरी आले. येताना फाट्यावर उतरले. समोरून कंटेनर, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, एकही वाहन थांबत नव्हतं. कडेच्या चहावाल्यानं मला ओळखलं असावं, किंवा चेहऱ्यावरून अंदाज केला. "शाळंतल्या का तुमी?" म्हणाला. "आमच्या डोळ्यांदेखत झालं वो. बाई हिथंच उभ्या व्हत्या. त्या दिवशी बाईंनी..."

मी पुढचं ऐकलंच नाही. छत्री सावरत भराभर चालायला लागले, जवळजवळ पळालेच. कारण तू हात केला नव्हतास असं तो म्हणाला असता, तर मुलांच्या शालन मिस घाईत चुकल्या असं झालं असतं. आणि केला होतास असं म्हणाला असता, तर? उजवीकडे बघितलंस, डावीकडे बघितलंस, मोठ्यानं योशी म्हणालीस, आणि तरीही? मग मुलांना काय सांगायचं? मला दोन्ही उत्तरं नको होती. अजूनही नको आहेत. म्हणून मला तुझ्या वर्गाची भीती वाटत होती. जपानी चुकेल याची नाही, त्याला पुस्तक आहे. त्या वर्गात कुणीतरी हाच प्रश्न विचारणार, याची.

मी मॅडमना 'नाही' सांगायला निघालेच होते. शाळा सुटली होती, गेटपाशी वॉचमनकाका भेटले. म्हणाले, "मॅडम, शालन मॅडम गेल्यापासून पोरं आरोळी देत न्हाईत. गुपचूप जात्यात. आनि रिक्षावाले थांबत न्हाईत. काल एक जन थोडक्यात वाचला."

मी तिथेच उभी राहिले. तुझी आठवीची मुलं खाली माना घालून, दोघं दोघं, वाहनांमधून वाट काढत पलीकडे जात होती. एका स्कूटरनं कचकन ब्रेक मारला. मी तशीच मागे वळले. केबिनमध्ये गेले आणि 'घेते' म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मॅडमनी दोनदा विचारलं.

सोमवारी तुझ्या वर्गावर गेले. फळ्यावर तुझ्या हातचं काही उरलं नव्हतं, कुणीतरी पुसलं होतं. मुलं उभी राहिली, वाकून नमस्कार केला, बसली. मी पुस्तक उघडलं. एक परिच्छेद वाचला, माझे उच्चार मलाच परके वाटत होते. मुलं ऐकत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग सिद्धीनं हात वर केला. मला कळलं. मी पुस्तकात बघत राहिले, जणू तो हात दिसलाच नाही. पण तो खाली येईना.

"काय सिद्धी?"

"मिस, शालन मिसनी त्या दिवशी योशी केलं होतं का?"

शालन, बाहेर ग्राउंडवर पीटीची शिट्टी वाजत होती. खोटं बोलणं सोपं होतं. केलं होतं म्हणावं, नाही म्हणावं, विषय बदलावा. आजवर मी तेच केलं असतं. मी पुस्तक मिटलं, पण खुर्चीतून उठले नाही. मी म्हटलं, "वाकारिमासेन."

म्हणजे पुटपुटले. माझं मलाही नीट ऐकू आलं नाही.

मग सिद्धी, डोळे भरलेले, पण तुझ्या नियमाला पक्की, हळूच म्हणाली, "मो इचिदो, मिस." तिच्यामागून दोघं तिघं म्हणाली. मग सगळे. कुणी हसलं नाही.

मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या वर्गातल्या बाई दारातून डोकावून गेल्या. त्यानंतर मी रडले आणि मुलंही रडली, आणि पुस्तक त्या तासाला पुढे सरकलं नाही. एका मुलानं जाता जाता विचारलं, "मग गेटवर करायचं की नाही, मिस?" मी म्हटलं, "चला, मी येते."

शाळा सुटली. फुटपाथच्या कडेला मुलं रांगेत उभी राहिली. वॉचमनकाका आले. भाजीवाल्या मावशींनी मापं खाली ठेवली. मी तुझ्या जागेवर उभी राहिले, आणि माझं मनगट धरायला कुणी नव्हतं. हात लांब केला. सगळ्यांचे हात लांब झाले. उजवीकडून टँकर आला, गेला. मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, समोर बघितलं, आणि मग पुन्हा दोन्हीकडे, कारण आपल्याकडे गाड्या कुठूनही येतात. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. योशी म्हणजे ठीक आहे. रस्ता ठीक आहे असं मी कशाच्या जोरावर म्हणायचं, शालन? तू गेलेली असताना?

पण मी म्हणाले. तू म्हणायचीस तसं, घशाच्या तळापासून. मुलांनी आरोळी दिली. रिक्षा कचाकच थांबल्या. आम्ही सगळे पलीकडे गेलो, मी सर्वांत शेवटी.

तो रस्ता खरंच ठीक होता का गं? वाकारिमासेन. आणि उद्या परत शाळा सुटणार आहे.